स्टेडियममध्ये पुतळा कुठे असावा: दाराबाहेर, आत की संग्रहालयापाशी?

एखाद्या खेळाडूचा पुतळा स्टेडियमपाशी उभारायचे ठरले की चाहत्यांमध्ये दोन वाद हमखास होतात, एक चेहऱ्यावरून आणि दुसरा जागेवरून. चेहऱ्याचा वाद जोरात पेटतो आणि लवकर विझतो. वानखेडे स्टेडियममध्ये १ नोव्हेंबर २०२३ रोजी सचिन तेंडुलकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा हा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथसारखा दिसतो अशी थट्टा समाजमाध्यमांवर चांगलीच रंगली होती. जागेचा वाद मात्र पुतळा उभा असेपर्यंत मिटत नाही, कारण जागा ठरवताना पुतळा नेमका कोणासाठी आहे हेही नकळत ठरून जाते: तिकीट काढून येणाऱ्यांसाठी, रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, की पाहुण्यांना दाखवण्यासाठी. ज्या मंडळींवर ही जागा ठरवण्याची जबाबदारी आहे, किंवा ज्यांना त्याबद्दल आपले मत लेखी द्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

व्यवहारात पर्याय तीनच उरतात. पहिला मुख्य प्रवेशद्वाराबाहेरचे प्रांगण, दुसरा फाटकाच्या आत एखाद्या स्टँडलगतची जागा, आणि तिसरा संग्रहालय किंवा छताखालचे दालन. चौथा पर्याय म्हणून समोरचा सार्वजनिक रस्ता किंवा पदपथ सुचवला जातो. त्याचा विचार मालकीच्या प्रश्नाबरोबर करणे सोयीचे आहे.

बाहेरच्या प्रांगणाचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमचे आहे. १९६६ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघाचा कर्णधार बॉबी मूर याचा सुमारे ६ मीटर उंचीचा पुतळा तिथे २००७ पासून उभा आहे. त्याची पाठ स्टेडियमकडे आणि तोंड ‘वेम्ब्ली वे’ या स्टेडियमकडे येणाऱ्या रस्त्याकडे असल्याने सामन्याला चालत येणाऱ्याला तो लांबूनच सामोरा येतो. मैदानाकडे पाठ केलेला पुतळा ही कल्पना कागदावर खटकते. प्रत्यक्षात मात्र यजमान दारात उभा राहून पाहुण्यांची वाट पाहतो तसे ते वाटते. बाहेरच्या जागेचे खरे मोल सामना नसलेल्या दिवशी कळते. शेन वॉर्न ४ मार्च २०२२ रोजी गेला, तेव्हा मेलबर्न क्रिकेट ग्राउंडबाहेर २०११ पासून उभ्या असलेल्या त्याच्या पुतळ्याच्या पायाशी लोकांनी फुलांबरोबर बिअरचे डबे, सिगारेटी आणि ‘मीट पाय’ हा मांस भरून भाजलेला पदार्थही आणून ठेवला. त्या वस्तूंमधून त्या माणसाची जी ओळख पटत होती, ती कोणत्याही शोकसभेतून पटली नसती. हाच पुतळा फाटकाच्या आत असता तर आधी कोणाची तरी परवानगी घ्यावी लागली असती, मग रांग, मग सुरक्षा तपासणी. आणि अशा वेळी आपल्या मनाने येणारा माणूस एवढ्या सोपस्कारांना थांबत नाही.

याच मोकळेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वीडनमधील माल्मो येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्याच क्लबातून पुढे आलेला फुटबॉलपटू झ्लाटन इब्राहिमोविच याचा ब्राँझचा पुतळा स्टेडियमजवळ उघड्यावर उभारण्यात आला. पुढच्याच महिन्यात त्याने स्टॉकहोममधील हामारब्यू या प्रतिस्पर्धी क्लबात भागीदारी घेतल्याची बातमी आली आणि माल्मोचे चाहते खवळले. पुतळ्यावर रंग फासला गेला, नाक कापले गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये पायांपाशी करवतीने कापून तो आडवा पाडण्यात आला. शेवटी तो तिथून हलवावा लागला. ब्राँझचा पुतळा भरीव दिसला तरी आतून पोकळ असतो, ओतकामाची भिंत काही मिलिमीटर जाडीची असते आणि सगळा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर व पावलांच्या जोडावर येतो. त्यामुळे एका पायावर झुकलेली किंवा धावण्याची मुद्रा बाहेरच्या जागेसाठी निवडायची असेल, तर शिल्पकाराशी त्या जोडाबद्दल आधी बोलणे आवश्यक आहे. कोणताही कॅमेरा करवत थांबवत नाही. तो फार तर ती कोणाच्या हातात होती हे नंतर सांगतो.

फाटकाच्या आतल्या जागेचे समर्थन करणारे चाहते एक मुद्दा फार जिव्हाळ्याने मांडतात आणि तो टाळता येण्यासारखा नाही: खेळाडू ज्या गवतावर घडला ते गवत पुतळ्याच्या आसपास असले पाहिजे. वानखेडेतील तेंडुलकर यांचा पुतळा त्यांच्याच नावाच्या स्टँडलगत आहे, त्यामुळे नाव, आकृती आणि मैदान या तिन्ही गोष्टी एका नजरेच्या टप्प्यात येतात. पॅरिसमध्ये रोलँ गॅरोस या टेनिस संकुलाच्या आवारात राफेल नदालचा ३ मीटर उंचीचा पोलादी पुतळा मे २०२१ मध्ये बसवला गेला, तेव्हा त्याच्या नावावर तिथली १३ विजेतेपदे होती. चौदावे त्याने पुढच्या वर्षी, स्वतःचा पुतळा आवारात असताना मिळवले. खेळत असलेल्या माणसाचा पुतळा उभारणे मला एरवी घाईचे वाटते, पण या एका बाबतीत ती घाई शोभून गेली.

आतल्या जागेचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मात्र खेळाडूचे नाहीच. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर ‘याबा’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक प्रेक्षक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘द हिल’ या गवताळ उतारावर बसून खेळाडूंना खड्या आवाजात टोमणे मारत असे. २००८ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा, जिथे तो उतार होता त्याच बाजूच्या स्टँडमध्ये, आसनांच्या रांगेत बसवला गेला. त्याला चौथरा नाही, कठडा नाही. तोंडाशी हात धरून तो ओरडतो आहे आणि शेजारच्या खुर्चीत तिकीट काढून आलेला कोणीही बसू शकतो. पुतळा आतच ठेवायचा असेल तर तो इतका आत असावा, असे मला वाटते. फाटकातून शिरल्यावर खाद्यपदार्थांच्या खिडक्या आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या बोळात उभा केलेला पुतळा धड मैदान पाहत नाही आणि धड रस्त्यालाही दिसत नाही. दुर्दैवाने ‘आत’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या बऱ्याच जागा याच जातीच्या असतात.

आतल्या जागेविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप तिकिटाचा आहे आणि तो केवळ पैशांचा नाही. आपल्या स्टँडचे फाटक पश्चिमेला आणि पुतळा पूर्वेच्या भागात असेल, तर तिकीट असूनही कित्येक मैदानांवर तिथपर्यंत जाता येत नाही, कारण स्टँडांमधील दारे सामन्याच्या दिवशी बंदोबस्तासाठी बंद असतात. म्हणजे ‘सामन्याला येणाऱ्या सर्वांना दिसेल’ असे जे प्रस्तावात लिहिले जाते, ते बहुधा एकाच बाजूच्या प्रेक्षकांपुरते खरे असते. निर्णयाआधी स्टेडियमचा नकाशा घेऊन, कोणत्या फाटकाने आलेला माणूस पुतळ्यापर्यंत पोहोचू शकतो, हे बोट फिरवून पाहावे.

संग्रहालयाच्या पर्यायाबद्दल थोडक्यात सांगता येईल. वानखेडेच्याच आवारात मुंबई क्रिकेट संघटनेच्या संग्रहालयापाशी ऑगस्ट २०२५ मध्ये सुनील गावसकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. म्हणजे एकाच स्टेडियममध्ये दोन पिढ्यांच्या दोन फलंदाजांसाठी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागा निवडल्या गेल्या आहेत, आणि तुलना करू पाहणाऱ्याने ती दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत. संग्रहालयापाशी पुतळ्याला संदर्भ मिळतो, निगा मिळते आणि जाणकार प्रेक्षक मिळतो. शिकागोतील बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचा पुतळा १ नोव्हेंबर १९९४ पासून युनायटेड सेंटर या बंदिस्त क्रीडागृहाच्या बाहेर होता. २०१७ मध्ये नवे दालन बांधल्यावर तो छताखाली नेण्यात आला. ज्या गावात कडाक्याची थंडी आणि बर्फ असतो तिथे हा निर्णय समजण्यासारखा आहे. तरी त्या हलवण्याने एक गोष्ट बदलली: पूर्वी मध्यरात्री कोणीही त्याच्यासमोर जाऊन उभे राहू शकत होते, आता दारे उघडी असतील तेव्हाच ते शक्य आहे.

आता मालकीचा प्रश्न. चाहत्यांच्या बैठकांमध्ये यावर सर्वांत कमी बोलले जाते आणि पुतळ्याचे आयुष्य सर्वांत जास्त यावरच अवलंबून असते. न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबसाठी विक्रमी गोल करणारा ॲलन शिअरर याचा पुतळा २०१६ मध्ये उभा राहिला तो क्लबच्या आवारात नव्हे, तर बाहेर रस्त्याच्या कडेला. क्लबची मालकी २०२१ मध्ये बदलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये तो स्टेडियमच्या हद्दीत आणण्यात आला. याच्या अगदी उलट घटना लंडनमधील फुलहॅम क्लबच्या मैदानावर घडली. तिथे तत्कालीन मालकांनी २०११ मध्ये गायक मायकल जॅक्सन याचा पुतळा क्लबच्या जागेत बसवला होता, चाहत्यांची त्यावर नाराजी होती, आणि २०१३ मध्ये क्लब विकला गेल्यावर नव्या मालकांनी तो लगेच काढायला लावला. त्या पुतळ्याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही, पण धडा लागू पडतो: आवारातला पुतळा मालकाच्या मर्जीवर उभा असतो, तर रस्त्यावरचा पुतळा रस्तारुंदीकरणाच्या भरवशावर. म्हणून जागा आवारातली असो वा बाहेरची, पुतळा कोणाच्या मालकीचा, जमीन कोणाची आणि तो हलवायचा झाल्यास कोणाची संमती लागेल, या तीन गोष्टी अनावरणाच्या आधी करारात लिहून घ्याव्यात. पुतळा कोणाचा असावा हा प्रश्न इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण तो जागेच्या प्रश्नाला सहज गिळून टाकतो. दिल्लीच्या कोटला मैदानावर डिसेंबर २०२० मध्ये अरुण जेटली यांचा पुतळा उभारला जात असताना बिशनसिंग बेदी यांनी निषेध म्हणून स्टँडवरचे स्वतःचे नाव काढण्याची मागणी केली होती, आणि त्या वादात पुतळा कोणत्या कोपऱ्यात आहे याला काहीच महत्त्व उरले नव्हते.

गर्दीचा हिशेब बाहेर आणि आत दोन्हीकडे करावा लागतो. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेची ‘ग्रीन गाइड’ ही मार्गदर्शिका सपाट वाटेसाठी दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे हा दर धरते. पुतळ्याचा चौथरा दीड मीटर रुंद असला तरी भोवती फोटो काढणाऱ्यांचे कडे पडते आणि प्रत्यक्षात वाटेची किमान ३ मीटर रुंदी अडते. म्हणजे मिनिटाला २४६ माणसांची वाट कमी झाली. विस्तीर्ण प्रांगणात याने काही बिघडत नाही, पण फाटकासमोरच्या चिंचोळ्या जागेत किंवा जिन्याच्या तोंडाशी याचा अर्थ थेट चेंगराचेंगरीचा धोका असा होतो. पुतळा येण्याच्या वाटेवर दिसावा, पण त्या वाटेत उभा नसावा.

चौथऱ्याच्या उंचीबद्दल आपल्याकडे एक सवय आहे. पुतळा म्हटले की उंच चौथरा, भोवती साखळ्या आणि जमल्यास वर मेघडंबरी. राजपुरुषासाठी ते ठीक असेल. खेळाडूच्या पुतळ्याजवळ मात्र लहान मुले येतात आणि त्यांना बूट, बॅट, चेंडू यांना हात लावायचा असतो. छातीएवढ्या चौथऱ्यावरचा पुतळा खालून पाहिला की आधी हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, आणि फोटोत मूल कुठेतरी खालच्या कडेला उरते. हात लागून लागून बुटाचे टोक पिवळेधमक चमकू लागते, बाकीचा पुतळा काळपट राहतो. वर्षाकाठी मेण चढवून निगा राखली तर त्याने पुतळ्याचे फारसे नुकसान होत नाही. तोंड कुठे असावे याचाही विचार हवा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर वर्षातला बहुतेक काळ सावली राहते आणि दुपारच्या प्रत्येक फोटोत तो काळवंडलेला येतो. शेजारी दुसरा पुतळा असेल तर दोघांचे नातेही जागेतून दिसू शकते: मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड या फुटबॉल मैदानावर बेस्ट, लॉ आणि चार्लटन या तीन खेळाडूंचा २००८ मध्ये बसवलेला पुतळा त्यांचे प्रशिक्षक मॅट बस्बी यांच्या पुतळ्याकडे तोंड करून आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून चाहते ये-जा करतात.

माझा कौल आवाराच्या हद्दीतल्या पण फाटकाबाहेरच्या प्रांगणाला आहे, गुडघ्याएवढ्या चौथऱ्यावर. जिथे स्टेडियमची हद्द फाटकाशीच संपते आणि पुढे थेट वाहता रस्ता आहे, तिथे मी हा आग्रह सोडेन आणि स्टँडमधली, मैदान दिसणारी जागा घेईन; जिथे नासधूस होण्याची रास्त भीती आहे किंवा खेळाडूची कारकीर्द अजून वादाच्या भोवऱ्यात आहे, तिथे संग्रहालयापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, कारण आतून बाहेर आणलेल्या पुतळ्याचे स्वागत होते, तर बाहेरून आत नेलेल्याबद्दल तक्रार होते. अंतिम ठराव करण्यापूर्वी निवडलेल्या जागी चौथऱ्याच्या मापाची लाकडी पेटी आणि तिच्यावर पुतळ्याच्या उंचीचा बांबू उभा करावा, आणि एकदा भरगच्च सामन्याच्या दिवशी फाटके उघडल्यापासून शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत, आणि एकदा सामना नसलेल्या दिवशी संध्याकाळी, तिथे कोण थांबते आणि कोण अडखळते याची नोंद घ्यावी.