कन्सोलची किंमत: खोक्यावरचा आकडा आणि पाच वर्षांचा खर्च

निन्टेन्डोचा स्विच २, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस-एक्स या सध्याच्या कन्सोलांकडे, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांकडे, इथे फक्त किमतीच्या अंगाने पाहिलं आहे. कोणती किंमत विचार करून ठरवली, कोणती गळ्याशी आली आणि त्याचा विक्रीवर काय परिणाम झाला, एवढाच प्रश्न. तुलना सरळ व्हावी म्हणून, जिथे वेगळं वर्ष किंवा देश सांगितलेला नाही तिथे किमतीचे सगळे आकडे अमेरिकेतले, कर वगळून आणि २०२५ च्या अखेरचे घेतले आहेत.

निकाल आधीच सांगतो. स्विच २ ची ४४९.९९ डॉलर ही किंमत या तिघांत सर्वांत जपून ठरवलेली आहे. पीएस५ ची डिस्कवाली आवृत्ती (५४९.९९) सर्वांत सरळ व्यवहाराची. पीएस५ डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला) आणि प्रो (जास्त ताकदीचा) घेताना हिशेब नीट मांडावा लागतो. एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल, सिरीज एस, एके काळी फार हुशार किमतीचा कन्सोल होता, २०२५ अखेरच्या किमतीला तो घ्यावा असं सांगवत नाही.

सिरीज एसपासूनच सुरुवात करू, कारण किमतीचे सगळे डाव त्या एका खोक्यात दिसतात.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो २९९.९९ ला आला. पीएस५ डिजिटल तेव्हा ३९९.९९ ला होता, म्हणजे शंभराचा फरक. हा फरक साधायला मायक्रोसॉफ्टने तीन गोष्टी छाटल्या: डिस्क ड्राइव्ह, ग्राफिक्सची ताकद आणि मेमरी. ताकद कमी असणं चालून गेलं, कारण रिझोल्यूशन उतरवलं की गेम धावतो. मेमरीचं तसं नाही. महागड्या सिरीज एक्समध्ये १६ जीबी, एसमध्ये १० जीबी. गेमचं जग, शत्रूंच्या हालचाली, दोन खेळाडूंसाठी दुभंगलेला पडदा, हे सगळं मेमरीत मावावं लागतं आणि रिझोल्यूशन कमी केल्याने त्यातलं फार थोडं हलकं होतं. 'बाल्डर्स गेट ३' ची एक्सबॉक्स आवृत्ती याच कारणाने लांबली आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सिरीज एसवर दुभंगलेल्या पडद्याशिवाय आली. एका स्वस्त मॉडेलसाठी केलेली छाटणी अशी महागड्या मॉडेलच्या मालकालाही भोवते. साठवण ५१२ जीबी लिहिलेली असली तरी हाताशी ३६४ जीबीच येते, आणि ती वाढवायला खास एक्सबॉक्ससाठी बनवलेलं कार्डच लागतं. १ टीबीचं असं कार्ड सुरुवातीला २१९.९९ ला होतं. कन्सोलच्या किमतीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश!

तरीही २९९ ला हे सगळं पोटात घालता येत होतं. २०२५ च्या अखेरीस तोच कन्सोल ३९९.९९ चा झाला. मे २०२५ मध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा किंमत वाढली. आता पाच वर्षांचा खर्च मांडून पाहा. एक्सबॉक्सवर विकतचे गेम ऑनलाइन खेळायला गेम पास या वर्गणीचा सर्वांत खालचा स्तर लागतो, महिना ९.९९. साठ महिन्यांचे सुमारे ६०० डॉलर. म्हणजे सिरीज एस सुमारे १,००० डॉलरला पडतो. पीएस५ डिस्क आवृत्ती ५४९.९९, तिच्यावर ऑनलाइन खेळायला पीएस प्लस इसेन्शियलची वर्षाची वर्गणी ७९.९९, पाच वर्षांचे ४००. एकूण सुमारे ९५०. सर्वांत स्वस्त दिसणारा कन्सोल इथे जास्त ताकदीच्या, ड्राइव्ह असलेल्या कन्सोलपेक्षा महाग निघतो. स्विच २ ला वैयक्तिक ऑनलाइन वर्गणी वर्षाला १९.९९, म्हणून त्याची पाच वर्षांची बेरीज ५५० च्या आसपासच थांबते. फक्त मोफत ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला मात्र प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स, कुठेच वर्गणी लागत नाही. त्याच्यापुरता हा हिशेब उलटतो आणि सिरीज एस पुन्हा स्वस्त ठरतो.

कंपन्या हे असं का करतात ते समजायला कमाईची जागा बघायला हवी. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमच्या किमतीतले साधारण ३० टक्के कन्सोलवाल्या कंपनीला मिळतात, ७० डॉलरच्या गेममागे २१. यंत्र मात्र अनेकदा तोट्यातच विकलं जातं. एपिक आणि अ‍ॅपल यांच्या खटल्यात २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. २०२२ मध्ये एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका कन्सोलमागची पदरमोड १०० ते २०० डॉलर असल्याचं सांगितलं. १५० धरली तर ती भरून निघायला त्या गिऱ्हाइकाने सात-आठ गेम पूर्ण किमतीला घ्यायला हवेत. अडचण अशी की सर्वांत स्वस्त कन्सोल घेणारा गिऱ्हाईक बहुधा गेमही कमी घेतो, आणि सवलतीची वाट पाहून घेतो. त्यामुळे स्वस्त मॉडेलने विक्रीचा आकडा फुगतो, पण पदरमोड वसूल व्हायला वेळ लागतो.

सिरीज एक्सची २०२५ अखेरची किंमत ६४९.९९, पीएस५ डिस्कची ५४९.९९. हा शंभराचा उलटा फरक एक्सबॉक्सने आधीही सोसला आहे. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन ४९९ ला आणि पीएस४ ३९९ ला आला होता. तेव्हाचा जादा शंभर होता हालचाली टिपणाऱ्या काइनेक्ट कॅमेऱ्याचा, जो खोक्यातून वगळून घेता येत नव्हता. त्यात पीएस४ मध्ये वेगवान जीडीडीआर५ मेमरी आणि जास्त ताकदीचा ग्राफिक्स भाग होता, म्हणजे स्वस्त यंत्रच अधिक सरस. जून २०१४ मध्ये काइनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ ला आणावा लागला आणि काइनेक्टसाठी राखून ठेवलेली सुमारे १० टक्के ग्राफिक्स ताकद गेम बनवणाऱ्यांना मोकळी करून द्यावी लागली. पण सात महिने निघून गेले होते. कन्सोलच्या बाजारात सात महिने फार असतात, कारण मित्र ज्या कन्सोलवर असतात तोच घ्यावा लागतो, आणि पहिल्या हंगामात पडलेलं अंतर पुढे आपोआप वाढत जातं. पीएस४ पुढे ११.७ कोटींवर गेला. आत्ताच्या फेरीत जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत एक्सबॉक्सच्या हार्डवेअरचं उत्पन्न २९ टक्क्यांनी घसरलं, आणि ऑक्टोबरची दरवाढ त्यानंतरची आहे.

आता पीएस५ डिजिटल. २०२५ अखेर किंमत ४९९.९९, म्हणजे डिस्क आवृत्तीपेक्षा फक्त पन्नास कमी. सुटी ड्राइव्ह ७९.९९ ला मिळते. आधी डिजिटल घेऊन नंतर ड्राइव्ह जोडली तर ५७९.९८ होतात, तीस डॉलर जास्त. जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्यांदा ड्राइव्ह बसवली की ती कन्सोलशी नोंदवायला इंटरनेट लागतं. आणि २०२० च्या जुन्या डिजिटल मॉडेलला ही ड्राइव्ह बसतच नाही, ती २०२३ च्या सडपातळ मॉडेलपासून पुढच्यांनाच आहे. जुना डिजिटल कन्सोल वापरलेला घेताना हे हमखास विसरलं जातं. ड्राइव्ह नसली की जुन्या डिस्क विकत घेणं, विकणं, मित्राकडून आणणं हे सगळं बंद होतं आणि प्रत्येक गेम एकाच दुकानातून, त्याच दुकानाच्या भावाने घ्यावा लागतो. पन्नास डॉलरची बचत दोन-तीन जुन्या डिस्कमध्ये संपते, म्हणून वर्षाला तीन-चार गेम घेणाऱ्याने डिस्क आवृत्तीच घ्यावी. युरोपात तर २०२५ मध्ये डिजिटलचं नवं मॉडेल त्याच किमतीला आणून साठवण १ टीबीवरून ८२५ जीबीवर उतरवली. किंमत न वाढवता केलेली ही दरवाढच. खोक्यावर साठवणीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रो २०२५ अखेर ७४९.९९ ला होता, त्यातही ड्राइव्ह नाही. ड्राइव्ह धरून ८२९.९८, उभा ठेवायचा स्टँड २९.९९. तो विकत घेणाऱ्याला किंमत टोचत नाही, आणि सोनीनेही तो सर्वांसाठी काढलेला नाही. इथे पदरमोडीचा प्रश्न कमी, म्हणून ही किंमत मला महाग वाटते, चुकीची वाटत नाही.

किंमत कमी केली की विक्री वाढते, हे अर्धंच खरं आहे. निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ ला आला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात फक्त ७ लाख १० हजार विकला गेला. ऑगस्टमध्ये किंमत थेट १६९.९९ वर आणली. आधी घेतलेल्यांचा राग शांत करायला त्यांना वीस जुने गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःच्या पगारात निम्मी कपात घेतली. पण त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'सुपर मारिओ ३डी लँड' आणि 'मारिओ कार्ट ७' आले. ते नसते तर ऐंशी डॉलरची कपात वाया गेली असती, असं माझं ठाम मत आहे. थ्रीडीएस अखेर साडेसात कोटींच्या वर गेला.

त्याच्या शेजारी सोनीचा तसाच हातातला व्हिटा ठेवून पाहा. २०१२ मध्ये २४९ ला आला, २०१३ मध्ये १९९ वर उतरला. पण त्याला फक्त सोनीचीच मेमरी कार्डं चालत, आणि ३२ जीबीचं कार्ड सुरुवातीला ९९.९९ चं होतं. खोक्यावरचा आकडा उतरवला, कार्डंही तेव्हा थोडी स्वस्त केली, पण कार्डाचा वेगळा खर्च काही सुटला नाही. बाहेरच्या कंपन्यांचे मोठे गेमही आटत गेले आणि कपातीने फारसं काही हललं नाही. सेगाचा ड्रीमकास्ट हे याहून जुनं उदाहरण. १९९९ मध्ये १९९, पुढच्या वर्षी १४९, २००१ मध्ये उत्पादन बंद करताना ९९. लोक किमतीमुळे थांबलेच नव्हते, ते पीएस२ ची वाट पाहत होते. न घेण्याचं कारण किंमत नसेल तर कपात म्हणजे निव्वळ तोटा.

उलट बाजूला पीएस३ आहे. २००६ मध्ये ६० जीबीचा ५९९ ला विकला, तेव्हा सुटे भाग आणि जोडणी यांचा खर्च आयसप्लाय या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ८४० डॉलरच्या वर होता. ब्लू-रेचे लेसर डायोड दुर्मीळ होते, सेल हा त्याचा मुख्य प्रोसेसर महाग होता, वर पीएस२ चे गेम चालावेत म्हणून त्याच्याही चिप आत बसवल्या होत्या. पहिली छाटणी याच चिपवर झाली: २००७ चं ४० जीबीचं मॉडेल ३९९ ला आलं आणि पीएस२ चे गेम बंद झाले. २००९ मध्ये सडपातळ मॉडेल २९९ ला आलं तेव्हा कुठे पीएस३ ने वेग धरला.

आज तशी कपात का होत नाही, हे विचारणाऱ्यांनी पीएस२ चा प्रवास बघावा. २००० मध्ये २९९, २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९, २००९ मध्ये ९९. प्रत्येक टप्प्यामागे चिपचं लहान होणं होतं. मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप पुढे एकाच तुकड्यात आल्या, उष्णता घटली, पंखा आणि खोकं लहान झालं, वाहतूकसुद्धा स्वस्त झाली. पीएस५ ची चिपही २०२२ मध्ये ७ नॅनोमीटरवरून ६ वर गेली, पण नव्या प्रक्रियेत प्रत्येक वेफर (ज्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची चकती) इतकी महाग पडते की लहान चिपचा फायदा जवळजवळ तिथेच खर्च होतो. मेमरी आणि साठवणीचे भाव २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीने चढले, अमेरिकेत आयात शुल्कही वाढलं. म्हणून 'दोन वर्षं थांबू, स्वस्त होईल' हा जुना सल्ला या पिढीला लागू नाही. नोव्हेंबरच्या सवलतीची वाट मात्र जरूर पाहावी: २०२५ मध्ये पीएस५ च्या तिन्ही मॉडेलांवर शंभर डॉलर उतरले होते, डिस्क आवृत्ती ४४९.९९ ला मिळत होती.

स्विच २ ला मी वरचा क्रमांक दिला तो दोन कारणांनी. पहिलं, जोडीने विकलेला गेम. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' सुटा ७९.९९ ला, २०२५ मध्ये कन्सोलबरोबर घेतला तर फक्त पन्नासला पडत होता. कन्सोलची किंमत जराही न उतरवता तीस डॉलरची सूट दिली, आणि नवा गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी जो गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी घ्यावी लागते तो गेम घेऊन घरी गेला. दुसरं, जपानची किंमत. येन घसरलेला असताना तिथे फक्त जपानी भाषेचं मॉडेल ४९,९८० येनला आणि सर्व भाषांचं ६९,९८० येनला ठेवलं. स्वस्त मॉडेल जपानबाहेरच्या खात्यावर चालत नाही, त्यामुळे ते घेऊन परदेशात विकण्यात फारसा अर्थ उरला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनीनेही हीच वाट धरली आणि जपानी भाषेचा पीएस५ डिजिटल ५५,००० येनला आणला. जून ते सप्टेंबर अखेर स्विच २ जगभरात एक कोटीच्या पुढे गेला.

घेताना सांभाळायच्या गोष्टी: पहिल्या स्विचचं साधं मायक्रोएसडी कार्ड यात गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं आणि ते बरंच महाग आहे. आतली साठवण २५६ जीबी आहे. काही गेमच्या कार्डात पूर्ण गेम नसतो, फक्त उतरवून घ्यायची किल्ली असते. खोक्याच्या खालच्या कडेला तसं लिहिलेलं असतं. असे दोन मोठे गेम घ्यायचे असतील तर कार्डाची किंमत पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.