ग्रिलवाल्याकडून करून घेतलेला बजरींचा पिंजरा: वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. पिंजरा दणकट आहे, पाखरं (बजरी म्हणजे छोटे रंगीत ऑस्ट्रेलियन पोपट) त्यात खूश आहेत, दारं मात्र भिकार आहेत. आणि चाकांचे वेगळे पैसे देताना आमचे हे कुरकुरले होते, तेच पैसे सगळ्यात जास्त सत्कारणी लागले.

माप असं: पाच फूट लांब, दोन फूट खोल, अडीच फूट उंच. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला खिडक्यांच्या ग्रिल आणि जिन्याची रेलिंग करणारा एक कारागीर आहे, त्याने केला. नाव-पत्ता देत नाही, कारण त्यानेच हात जोडलेत. "अक्का, माझा धंदा ग्रिलचा. उद्या सगळे पाखरंवाले माझ्या दारात येऊन उभारतेत." चाकं आणि ट्रे धरून साडेसहा हजार झाले. आठवड्यात देतो म्हणाला आणि महिना लावला. पाडव्याच्या आधी सगळ्यांनाच घराच्या खिडक्या हव्या असतात, त्यात माझी पाखरं मागे पडली.

एवढ्या पैशात तयार पिंजरा आला नसता का? आला असता. पण दुकानात टांगलेले पिंजरे बहुतेक उंच आणि अरुंद असतात, वर घुमट, दिसायला देखणे. बजरी आडवी उडते, लिफ्टसारखी वर-खाली जात नाही. दोन पंख पूर्ण उघडून चार-पाच वेळा फडफडवता येतील एवढी लांबी मिळाली तरच तिचं उडणं होतं, नाहीतर ती नुसती या दांडीवरून त्या दांडीवर उडी मारते. माझ्याकडे सहा आहेत, तीन नर, तीन माद्या. (चोचीच्या वरचा मांसल भाग नराचा निळा, मादीचा तपकिरी. आमच्या गल्लीत सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात, म्हणू देत.) नव्या पिंजऱ्यात सोडल्यावर पहिला दिवस सगळी एका कोपऱ्यात चिकटून बसली. मग एक उडाली, तिच्यामागे बाकीची, आणि त्यानंतर सकाळ-संध्याकाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दांड्या दोन टोकांना लावा आणि मधली जागा मोकळी सोडा, एवढं जरी केलं तरी लांब पिंजऱ्याचे पैसे वसूल.

खोली दोनच फूट का, तर आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. दोन खोल्या, आणि दारातून आत गेला पाहिजे ना.

ऑर्डर देताना कारागीर आधी नाहीच म्हणत होता. "पोपट ठेवणं गुन्हा आहे, माझ्यावर येईल." त्याची भीती बरोबर होती, पण ती आपल्या झाडावरच्या हिरव्या पोपटाबाबत. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, पिंजऱ्यात ठेवता येत नाही. बजरी मूळची ऑस्ट्रेलियाची, इथे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली. मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "एवढीशी? हिच्यासाठी एवढा मोठा पिंजरा?" आणि कामाला लागला.

जाळी अर्धा इंची वेल्ड मेश घ्यायला लावली. त्याच्याकडे एक इंची पडून होती, स्वस्तात देत होता. एक इंचीतून डोकं बाहेर येतं आणि अडकतं, नको. कापलेल्या तारांची टोकं त्याने बाहेरच्या बाजूने पट्टीखाली दाबली आहेत. आतून सगळीकडे बोट फिरवून बघितलं, कुठे खरचटत नाही. हे काम ग्रिलवाल्याचंच, दुकानी पिंजऱ्यात एवढी सफाई मी पाहिली नाही. रंग फक्त बाहेरच्या चौकटीला, आत अजिबात नाही, कारण ही पाखरं चोचीने जाळी धरून चढतात आणि दिवसभर काहीतरी कुरतडतात. त्याच कारणाने नव्या जाळीवरच्या जस्ताचाही धोका असतो. पोटात गेलं तर विषबाधा होते. पिंजरा घरी आल्यावर पांढरं व्हिनेगर आणि ताठ ब्रश घेऊन पूर्ण जाळी घासली, धुतली, उन्हात वाळवली, मगच पाखरं आत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी आलं त्याच दिवशी हा उद्योग उरकला.

आता चाकं. सोलापूरचा उन्हाळा माहीत नसलेल्यांसाठी लिहिते: एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो आणि स्लॅब रात्रीसुद्धा तापलेलाच. कारागिराने ऐकवलं होतं की ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली पाखरं, त्यांना उन्हाचं काय! अहो, तिथली बजरी भर दुपारी झाडाच्या सावलीत गप्प बसते आणि पाणी जिथे असेल तिथे थव्याने उडत जाते. पिंजऱ्यातली कुठे जाणार? तिच्यासाठी आपणच सावली सरकवायची. म्हणून सकाळी कोवळ्या उन्हाला पिंजरा पुढच्या ओट्यावर, नऊच्या सुमारास आत, दुपारी मागच्या खोलीत पंख्याच्या बाजूला. पंखा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नाही. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट लावते. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली आणि पंख अंगापासून लांब धरले की समजायचं, फार झालं. मग तळहाताएवढ्या बशीत पाणी, नाहीतर ओल्या मेथीची जुडी आत टांगायची. ओल्या पानांत घुसून अंग घासून घेतात, त्यांची आंघोळ होते आणि वरून मेथीपण खातात. एवढा जड पिंजरा दिवसातून चार वेळा उचलून हलवायचा म्हटलं असतं तर मे महिन्यात पाखरं कोणाला तरी देऊन टाकली असती. चार चाकं, त्यातल्या दोनांना ब्रेक. ब्रेकवाली चाकंच घ्या, आमचा ओटा थोडा उताराचा आहे.

मी घरी युनिफॉर्म शिवते. शाळा उघडायच्या आधी रात्री अकरापर्यंत मशीन चालू असते. पाखरांना दहा-बारा तास अंधार लागतो, म्हणून सात-साडेसातला तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाकते. सोलापुरात राहून चादर का नाही, असं नणंदेने विचारलं. उन्हाळ्यात चादरीखाली गुदमरतील हो! चौथी बाजू भिंतीकडे, हवेला उघडी. मशीनचा आवाज त्यांना चालतो, उलट दिवसा मशीन सुरू झालं की यांचाही आवाज चढतो. बंद पडलं की तेही गप्प. रात्री मात्र पूर्ण काळोखात कधी एखादी दचकली की सगळी धडाधड आपटतात, त्यासाठी कोपऱ्यात झीरोचा बल्ब असतो.

दारांबद्दल. खाण्याच्या वाट्यांसाठी दोन छोटी सरकती दारं आहेत, वर उचलायची. त्यांना कडी नाही. आमच्यातली एक पिवळी मादी आहे, तिला आम्ही फौजदार म्हणतो. तिने दार चोचीने उचलायला शिकून घेतलं आणि एका दुपारी माझ्या कापलेल्या खाकी पँटींवर येऊन बसली. पंखा बंद होता म्हणून बरं. तेव्हापासून दोन्ही दारांना कपड्यांचे चिमटे आहेत. मोठं दार बाजूला उघडणारं आहे, ते ठीक, पण हात घालायला जरा उंचावर झालं. साडेसहा हजारांच्या वस्तूला चिमटे लावावे लागतात, याचा एक स्टार मी कापते.

फौजदारचं निघालंच आहे तर थव्याचंही सांगते. सहा पाखरांसाठी सगळ्यात उंच दांडी एकच ठेवली तर तिथे रोज मारामारी. म्हणून दोन टोकांना दोन दांड्या एकाच उंचीवर, आणि खाण्याच्या वाट्याही लांब लांब, तीन ठिकाणी. एकीने एक वाटी अडवली तरी बाकीच्यांना जेवण मिळतं. पिंजऱ्याबरोबर मिळालेल्या गुळगुळीत लाकडी दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावल्या. जाड-बारीक असल्याने पायांना व्यायाम होतो आणि साल सोलायचा उद्योगही मिळतो. फवारणी न केलेल्या झाडाची फांदी घ्या, कण्हेर वगैरे विषारी काही नको.

अंडी घालायला मडकं लावायचं का, हा गल्लीतला लाडका प्रश्न. पिलं बघायची असतात सगळ्यांना. मी लावत नाही. मडकं दिसलं की माद्या हक्कासाठी एकमेकींना रक्त निघेपर्यंत चोचा मारतात आणि एकीमागून एक अंडी घालून थकून जातात. सहा आहेत, सहा पुरेत.

आमच्या घरात एक गोष्ट वेगळी आहे, ती इतरांना कदाचित लागू नाही. सासूबाई विड्या वळतात. पुढच्या खोलीत त्यांचं सूप, तेंदूपानं आणि तंबाखू. तंबाखूची धूळ पाखरांना वाईट, त्यामुळे त्या कामाला बसल्या की पिंजरा मागे जातो (पुन्हा चाकं!), आणि पिंजऱ्यात हात घालायचा तर आधी साबणाने धुवायचा. त्या हे माझ्यापेक्षा कडक पाळतात. डासांची कॉइल बंद केली, नॉनस्टिक तवाही काढून टाकला. तो रिकामा जास्त तापला तर त्याच्या धुराने पाखरं मरू शकतात.

खाणं मार्केट यार्डातून सुटं आणते: राळा जास्त, बाजरी थोडी. दुकानातल्या रंगीत पाकिटापेक्षा स्वस्त आणि ताजं. समुद्रफेसाचा (माकुळाच्या अंगातल्या पांढऱ्या, कॅल्शियमच्या कवचाचा) तुकडा काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो, तो जाळीला अडकवायचा. वाटीत वर टरफलं साचतात, लांबून भरलेली दिसते, रोज फुंकर मारून बघायचं. हिवाळ्यात मंगळवेढ्याकडून कोणी हुरडा आणला की एक कणीस यांना. कोवळ्या ज्वारीच्या पानांची जनावरांना बाधा होते हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक, म्हणून पानं काढून नुसतं कणीस टांगते. तेवढा वेळ फौजदारसुद्धा कोणाशी भांडत नाही.

या सगळ्या खाण्याचा कचरा चार फूट लांब उडतो आणि पिंजऱ्याला त्यावर काहीच सोय नव्हती. ती मीच केली: मच्छरदाणीच्या कापडाची नऊ इंची झालर, वर इलास्टिक, खालच्या भागाला चारी बाजूंनी. आठवड्याला काढून झटकते. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी कुठल्याही शिंप्याकडून करून घ्या, शंभर रुपयांच्या वर देऊ नका.

शेवटी ट्रे. पत्र्याचा आहे, ओढताना खडखडतो आणि पाखरं उडतात. खाली वर्तमानपत्र घातलं की आवाज कमी होतो, धुण्याचं पाणीही वाचतं. पण पावसाळ्यात एका कोपऱ्याला गंज धरला. कारागिराला फोन केला तर म्हणाला, स्टीलचा करून देतो, दारांना कड्याही लावतो, नऊशे होतील. कड्या तर तुम्हीच विसरलात मामा, मी सातशे देणार. अजून त्याचा फोन आलेला नाही.