काजूच्या टरफलांचे तेल, हेक्झेन आणि चिलर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काजूच्या टरफलांतील तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात आणि मग ते हेक्झेन ऊर्ध्वपातनाने परत मिळवावे लागते. अधूनमधून अॅसिटोन आणि डायएथिल ईथरही असते. त्यासाठी गेल्या ऑक्टोबरमध्ये रोटरी एव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली फिरत्या चंबूतून द्रावक उडवणारे यंत्र) घेतला.

खरेदीच्या वेळी आम्ही सगळे लक्ष व्हॅक्यूम पंपाकडे दिले आणि चिलर (पाणी थंड करून फिरवणारे यंत्र) पुढच्या अनुदानावर ढकलला, ही आमची चूक होती. शीतकाला, म्हणजे वाफ थंड करून द्रव करणाऱ्या काचेच्या वेटोळ्याला, गच्चीवरील टाकीचे पाणी जोडले होते. थंडीत निभावले, पण मार्च उजाडताच नळाला ३० अंशांचे पाणी येऊ लागले. हेक्झेन एरवी ६९ अंश सेल्सिअसला उकळते. दाब ३३५ मिलिबारपर्यंत उतरवला की ४० अंशांनाच उकळू लागते. वाफ ४० अंशांची आणि तिला थंड करणारे पाणी ३० अंशांचे, अशा स्थितीत वाफ वेटोळ्याच्या खालच्या भागात न थांबता थेट वरच्या टोकापर्यंत चढलेली दिसे आणि पंपापाशी हेक्झेनचा वास येई. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकांना व्हॅक्यूमची मदत होते, मात्र लवकर उडणाऱ्या द्रावकांच्या बाबतीत तोच शीतकाचे काम अवघड करून ठेवतो.

चिलर येईपर्यंत आम्ही जुन्या साध्या मांडणीकडे वळलो : गोल बुडाचा चंबू, वॉटर बाथ, लांब लीबिग शीतक आणि तेच टाकीचे पाणी. व्हॅक्यूम नसल्याने वाफ ६९ अंशांची राहिली आणि हेक्झेन व्यवस्थित परत मिळू लागले. वेळ अधिक लागतो आणि बॉइलिंग चिप्स (उकळी संथ ठेवणारे खडे) आठवणीने आधीच टाकाव्या लागतात, कारण तापलेल्या द्रवात टाकल्यास तो एकदम उसळतो. शेवटचा थोडा भाग तेवढा आम्ही रोटरीवर काढत असू, कारण हे तेल फार तापले तर त्यातील अॅनाकार्डिक आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल होते.

एप्रिलमध्ये चिलर आला. बाथ ६० अंश, वाफ ४० आणि शीतकातील पाणी २० किंवा त्याहून कमी, हा वीस-वीस अंशांच्या फरकाचा नियम आम्ही पाळतो. आता वाफ वेटोळ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच विरते. एक त्रास मात्र आमच्या दमट हवेचा आहे. १० अंशांचे पाणी फिरू लागले की शीतकाच्या नळ्यांना बाहेरून घाम सुटतो, ते पाणी ओघळत सांध्यापाशी येते आणि रिसीव्हर (द्रावक गोळा होणारा चंबू) सोडवताना आत जाते. हेक्झेनच्या तळाशी पाण्याचे बारीक मणी स्पष्ट दिसले, म्हणून हे कळले. अॅसिटोनमध्ये पाणी मिसळून जाते आणि पत्ताही लागत नाही. नळ्यांवर फोमचे आवरण चढवल्यावर आणि रिसीव्हर काढण्याआधी सांधा पुसण्याची सवय लावल्यावर हे थांबले. खाऱ्या हवेने क्लॅम्पचे स्क्रू गंजतात, तेही दर आठवड्याला पुसून घ्यावे लागतात.

ईथर आम्ही रोटरीवर नेतच नाही. ते ३४.६ अंशांना उकळते, म्हणजे मे महिन्यातील दुपारच्या खोलीत जवळजवळ आपोआपच. त्यासाठी साधी मांडणी, चिलरचे पाणी आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारे कपाट). आधी ईथरमध्ये साचणाऱ्या स्फोटक पेरॉक्साइडची चाचणी करतो आणि चंबू कधीच कोरडा होऊ देत नाही. वळवाच्या पावसात वीज गेली तर चिलर बंद पडतो आणि बाथ मात्र गरमच राहतो, म्हणून अशा वेळी सर्वांत आधी चंबू बाथमधून वर उचलायचा, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हाताने करून दाखवतो.