झगा अजून अंगावर आहे : बाल्डर्स गेट ३, अकरा महिन्यांनंतर

आधीच सांगतो, पुढे कथा पार फुटणार आहे. गेम खेळायचा बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.

अकरा महिने, अडीचशेच्या आसपास तास, चार डाव. त्यातला एक अर्धवट सोडलेला, एक अजून चालू. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये हा गेम आणला, तेव्हा जो तो त्याबद्दलच बोलत होता. मी नेहमीप्रमाणे उशिरा, सेल लागल्यावर घेतला. दीडशे जीबी जागा लागते, एसएसडी नसेल तर नादी लागू नका, आणि तिसऱ्या अंकात शहरात शिरलं की माझ्यासारख्या जुन्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा बोंबलतो. ग्राफिक्स, लढाया, बिल्ड यांवर लिहिणारे ढिगाने आहेत. मला लिहायचंय ते या गेममधल्या दुष्टपणाबद्दल. अकरा महिन्यांत डोक्यात राहिलं ते तेवढंच.

गेमची मुळं डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहेत. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा हा खेळ १९७४ चा. त्यात पुढे पात्रांसाठी नऊ चौकटी ठरल्या. एका बाजूने नियमाला धरून ते बेबंद, दुसऱ्या बाजूने सुष्ट ते दुष्ट. १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये पात्र बनवतानाच चौकट निवडावी लागे. मग इतर गेमांनी सरळ मोजपट्टीच लावली. नाइट्स ऑफ दि ओल्ड रिपब्लिकमध्ये उजेड आणि अंधाराची पट्टी होती, २००४ च्या फेबलमध्ये वाईट वागत गेलं की डोक्याला शिंगं फुटायची. मला ती शिंगं आवडायची, खोटं कशाला बोलू. पण शिंगं फुटली की प्रश्नच मिटतो ना, आरशात बघायचं आणि कळतं आपण कोण ते. लॅरियनने चौकट, पट्टी सगळं काढून टाकलं. सोबत्यांची तुमच्यावरची मर्जी कमीजास्त होते, बास. तुम्ही चांगले की वाईट हे गेम सांगत नाही.

पहिला डाव सगळे खेळतात तसा खेळलो. भल्या माणसाचा. दुसरा ठरवून वाईट खेळायला घेतला आणि तिथेच माझा पहिला अपेक्षाभंग झाला.

पहिल्या अंकात एमराल्ड ग्रोव्ह नावाची ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक लोकांची देवराई आहे. तिथे टीफलिंग नावाच्या शिंगं-शेपटीवाल्या जमातीचे निर्वासित बायकापोरांसह आसऱ्याला आलेत. बाहेर गॉब्लिनांची टोळी आणि त्यांची म्होरक्या मिंथारा देवराईचा ठावठिकाणा शोधतेय. तुम्ही तिला जाऊन मिळायचं, आतून दार उघडून द्यायचं आणि कत्तल करायची. केली. कार्लाक आणि विल, म्हणजे गेममधली दोन सर्वांत मायाळू माणसं, निघून गेली. देवराईचा ड्रुइड हाल्सिनही गेला. दुसऱ्या अंकातल्या सरायीत पोचलो तर जिथे पहिल्या डावात ओळखीचे चेहरे भेटले होते तिथे कुणीच नाही. डॅमन लोहार नाही, रोलान नाही, त्यांची पोरं नाहीत. बदल्यात मिळाली मिंथारा. आणि पुढच्या एका पॅचनंतर, म्हणजे गेममधल्या सुधारणेनंतर, तर तिला नुसतं बेशुद्ध केलं तरी ती नंतर सोबत घेता येऊ लागली, म्हणजे कत्तलीची ती एकुलती एक कमाईही गेली. मी दुसऱ्या अंकात डाव सोडला. पश्चात्तापाने नव्हे, कंटाळ्याने.

यावर गेमचे चाहते म्हणतात की हाच तर मुद्दा आहे, वाईट माणूस एकटा पडतो. मला हे अर्धंच पटतं. खऱ्या आयुष्यात लुबाडणाऱ्यांच्या भोवती माणसं कमी पडत नाहीत, उलट गराडा असतो. गल्लीतल्या दादाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघा आणि खालचे शुभेच्छुकांचे फोटो मोजा. वाईटाची वाट ओसाड असती तर तिकडे कोण गेलं असतं? सप्टेंबर २०२४ च्या सातव्या पॅचमध्ये दुष्ट शेवटांचे नवे प्रसंग घातले. भव्य आहेत, सगळं शहर तुमच्या हुकमावर नाचतं. पण ती शेवटची पाच मिनिटं. मधले शंभर तास कोण भरून देणार?

म्हणून तिसरा डाव सुरू करताना फार आशा नव्हती. 'डार्क अर्ज' नावाचं पात्र घेतलं. आपल्या भाषेत काळी खुमखुमी. हा माणूस स्मृती गमावून जागा होतो आणि त्याला एवढंच कळतं की कुणी समोर आलं की आपल्या मनात त्याला फाडायचे विचार येतात. निवेदिका अमेलिया टायलर हे विचार इतक्या मऊ आवाजात सांगते की हेडफोन लावून रात्री खेळताना मी एकदोनदा मागे वळून बघितलंय. जादूच्या फटीतून गेल नावाच्या जादूगाराचा हात बाहेर येतो, मदत मागतो. साध्या डावात तुम्ही हात धरून त्याला ओढता. इथे तो हात तोडायचा पर्याय दिसतो. मी निवडला नाही. पण वाचला, आणि हसलो.

मग अल्फिरा. देवराईत गाणं जुळवत बसलेली पोरगी, पहिल्या डावात मी तिचं गाणं पूर्ण करायला मदत केली होती. या डावात ती रात्री छावणीत येते, म्हणते मला तुमच्याबरोबर यायचंय. सकाळी जाग येते तेव्हा तिचं प्रेत समोर आणि तुमचे हात रक्ताने माखलेले. फासा नाही, पर्याय नाही, काही विचारलंच नाही. विचारतात ते त्यानंतरचं: हात धुऊन गप्प बसणार, की सोबत्यांना सांगणार? मी धुतले. भल्या माणसाचा डाव खेळायचा ठरवून सुद्धा, पहिल्याच परीक्षेत धुतले.

पुढे स्क्लेरिटास फेल नावाचा एक खुजा बटलर उगवतो. पांढरीशुभ्र अदब आणि बोलणं सगळं रक्ताचं. खुनाबद्दल शाबासकी देतो आणि बक्षीस म्हणून एक झगा. डेथस्टॉकर मँटल. शत्रू मारला की तुम्ही दोन फेऱ्या अदृश्य. ज्यांनी खेळलंय त्यांना ठाऊक आहे, पहिल्या अंकात असली वस्तू हाती लागणं म्हणजे लॉटरी. मी तो लगेच चढवला.

इथून गेम खरा सुरू झाला. दुसऱ्या अंकात फेल येऊन सांगतो की इसोबेलला मार. ही सेलूने नावाच्या चंद्रदेवीची पुजारीण. सगळी सराय तिच्या संरक्षणामुळे शापाच्या अंधारातून वाचलीय. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, ठीक, मग जे माणूस तुला सर्वांत जवळचं, त्याला तू मारशील. त्या रात्री मी माझ्या सोबत्यांपैकी शॅडोहार्टला उठवून खरं ते सांगितलं. अल्फिराच्या वेळी जे जमलं नव्हतं ते. ती पळाली नाही, रात्रभर तिथेच राहिली. नाही म्हणणं ही एकदाची गोष्ट नाही, आज नाही म्हटलं की उद्या जास्त महाग होऊन तोच प्रश्न परत येतो, हे या लिखाणाने अचूक धरलंय. दारू सुटलेल्या माणसाच्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या अंकात उलगडतं की तुम्ही खुनाच्या देवाचं, भालचं, लेकरू आहात. एवढंच नाही, ज्या कटाविरुद्ध तुम्ही सगळा गेम लढताय तो रचणाऱ्यांत तुम्हीच होता. भालच्याच पंथातल्या ओरिनने दगा देऊन डोक्यावर घाव घातला आणि मेंदूत अळी सोडली, म्हणून स्मृती गेली. इथे मला वाल्याचे रांजण आठवले. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत प्रत्येक खुनाचा एक खडा असतो, आणि वाल्याला हिशेब पक्का माहीत असतो. म्हणून तर घरच्यांना जाऊन विचारतो, पापात वाटा घ्याल का? इथे रांजण भरलेले आहेत, पण खडे कुणी टाकले हे टाकणाऱ्यालाच आठवत नाही. मग त्याचा चांगुलपणा हा चांगुलपणा की डोक्याला लागलेला मार? गेम हा प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता पुढे जातो. शहाणपणा.

पण त्यानंतर जे होतं ते मला मान्य नाही. ओरिनला हरवून तुम्ही भालला नकार दिलात की तो तुमचं रक्त परत घेतो, तुम्ही मरता, आणि विदर्स नावाचा छावणीतला म्हातारा तुम्हाला उठवतो. खुमखुमी गायब. गळू कापावं तशी. सगळा डाव जी आतून बोलत होती ती आता बाहेरची वस्तू निघाली. प्रसंग थरारक आहे, मी उभा राहून बघितला. तरी फसवल्यासारखं वाटलं, कारण अंगावर तोच झगा होता. अल्फिराच्या खुनाचं बक्षीस. विदर्सने तो काढून घेतला नाही, सोबत्यांनी कुणी विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. वस्तू चांगली होती.

यापेक्षा ॲस्टेरियन या सोबत्याचं कथानक जास्त प्रामाणिक आहे. दोनशे वर्षं कझादोर नावाच्या पिशाचाची गुलामी केलेला हा माणूस. शेवटी त्याच्या हातात मालकाचाच विधी येतो: सात हजार जीव द्यायचे आणि उन्हात फिरू शकणारा सर्वशक्तिमान पिशाच व्हायचं. ते सात हजार तळघरात कोंडलेले आहेत आणि त्यांतले कित्येक खुद्द ॲस्टेरियननेच फूस लावून आणलेत. त्याचा युक्तिवाद ऐकताना मान डोलते. इतकं सोसलंय, आता मला कुणी हात लावू नये, एवढंच तर मागतोय. इथे कुणी राक्षस नाही, शिंगं नाहीत, आहे ती फक्त भीती. विधी करू दिला तर तो खूश होतो, आणि मग तुमच्याशी मालकासारखा बोलू लागतो. नील न्यूबनला या भूमिकेसाठी २०२३ चा दि गेम अवॉर्ड्सचा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. आवाजातला हा बदल ऐकलात तर का मिळाला ते कळेल. शॅडोहार्टचा प्रसंग याच्या बरोबर उलट. नाइटसाँग नावाच्या बंदिनीवर भाला उगारून ती उभी असते, आणि तिचा तुमच्यावर पुरेसा विश्वास असेल तर गप्प राहिलात तरी ती भाला टाकून देते. समजवायला गेलात तर फासा टाकावा लागतो.

फाशावरून आठवलं. ॲस्टेरियनला थांबवायचा फासा माझा चुकला. एफ-आठ दाबून आधीचा सेव्ह उघडला, परत टाकला. परत चुकला. तिसऱ्यांदा जमलं. बायको शेजारी बसून मोबाइल बघत होती, म्हणाली, "अरे, किती वेळा तेच चाललंय? तो नाही म्हणतोय ना, मग ऐक की त्याचं." गेममध्ये मुडद्यांशी बोलायचा एक मंत्र आहे, आणि तुम्हीच मारलेला मुडदा तुमच्याशी बोलायला नकार देतो. काय सुंदर कल्पना! पण वेष पालटून गेलात की तोच घडाघडा बोलतो. सेव्ह-लोडचंही तसंच. २०१५ चा अंडरटेल तुम्ही सगळ्यांना मारून गेम परत सुरू केलात तरी विसरत नाही, पुढचा गोड शेवटही नासवतो. बाल्डर्स गेट मात्र सगळं विसरतो, आपण सांगू तितकं.

म्हणून आता चौथा डाव ऑनर मोडवर घेतलाय. एकच सेव्ह, मागे फिरणं नाही. परत डार्क अर्ज. पण या वेळी अल्फिराला वाचवायचं ठरवलं. त्याची युक्ती खेळाडूंमध्ये सर्वश्रुत आहे: त्या रात्रीच्या आधी देवराईत जाऊन तिला बेशुद्ध करायचं, जीव न घेता. मग ती छावणीत येत नाही. मी केलं, जमलं, आणि खरोखर आनंद झाला.

तिच्या जागी दुसरी कुणी येते. ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या जमातीतली, तीही गाणारीच, क्विल नावाची. तिला काहीतरी सांगायचं होतं. मला सकाळी ऑफिस होतं, घड्याळात दीड वाजला होता. मी तिचे संवाद भराभर पुढे ढकलले, झोपायचं बटण दाबलं, सकाळी हात धुतले. फेल आला.

झगा तोच मिळाला.