पायबाइंड११, आठ महिन्यांनंतर: स्ट्रिंग आपोआप बदलते, हिशोब नाही

पत्ते शोधायचं आमचं जुनं इंजिन सी++ मधलं, वरचं सगळं पायथॉन, आणि दोन्ही जोडायचं काम माझ्या गळ्यात; त्यासाठी घेतली पायबाइंड११, म्हणजे सी++ चा कोड पायथॉनमधून वापरू देणारी लायब्ररी. पहिले दोन आठवडे मी जाम खूश, कारण एसटीडी स्ट्रिंग (सी++ मधला मजकूर) रिटर्न केली की पायथॉनमध्ये सरळ एसटीआर (पायथॉनचा मजकूर) मिळतो, तिकडून एसटीआर दिला की यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) होऊन आत पोचतो, आपण काहीच लिहायचं नाही.

मग मराठी पत्ते आले. इंग्लिशवर सगळ्या टेस्ट हिरव्यागार होत्या हो! 'सदाशिव पेठ, पुणे' मध्ये 'पुणे' शोधलं, सी++ च्या फाइंडने सांगितलं ३०, आम्ही पायथॉनमध्ये तिथून पुढचा तुकडा (स्लाइस) घेतला तर हातात रिकामी स्ट्रिंग. एरर नाही, वॉर्निंग नाही. सी++ बाइट मोजतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्राही वेगळी धरायची; पायथॉन कोड पॉइंट, म्हणजे नुसती चिन्हं, मोजतं, त्याच्या लेखी 'पुणे' १२ वर आणि अख्खा पत्ताच १६ चा. आता ऑफसेट (सुरुवातीपासून मोजलेली जागा) बायंडिंगमध्येच, म्हणजे जोडणाऱ्या कोडमध्येच, बदलून बाहेर देतो.

दुसरं दुखणं म्हणजे जुन्या फाइलमधलं ६४ बाइटचं फिक्स फील्ड, म्हणजे ठरलेल्या लांबीचा रकाना. सोसायटीचं नाव लांबलचक असलं की सलग देवनागरीत २१ चिन्हं बसतात, बाविसाव्याचा एकच बाइट लटकतो आणि रिटर्न करताना युनिकोड डिकोड एरर. असलं फील्ड बाइट्स म्हणून, म्हणजे कच्चंच, द्यायचं, पायथॉनमध्ये स्वतः डिकोड करायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय हे, पण आपण पुणेकर, आपल्याला सगळं आधीच येत असतं.

कॉपी वाचवायला एकदा स्ट्रिंग व्ह्यू (मजकूर स्वतः न ठेवता मूळ मजकुराकडे नुसतं बोट दाखवणारा प्रकार) घेतला नि क्लासच्या मेंबरमध्ये ठेवून दिला, अतिशहाणपणा. कॉल संपल्यावर पायथॉनने मूळ स्ट्रिंग सोडून दिली. माझ्या लॅपटॉपवर आठवडाभर नीट चाललं, सर्व्हरवर ऐन शनिवारी पत्त्याच्या जागी कचरा.

कंपाइलला वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात, तक्रार नाही. खुपतं एकच, एसटीडी स्ट्रिंग मागणाऱ्या फंक्शनला बाइट्स दिले तरी ते मुकाट घेतं, आत यूटीएफ-८ आहे की आणखी काही, बघतही नाही. म्हणून हल्ली पायथॉनच्या बाजूलाच टाइप तपासतो, मगच आत सोडतो.