शिवभोजन थाळी : 10 रुपयांत पोट किती भरतं आणि वरण पातळ का होतं

30 ग्रॅमच्या 2 चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. 26 जानेवारी 2020 ला राज्य सरकारची शिवभोजन ही स्वस्त जेवणाची योजना सुरू झाली तेव्हा ठरलेली ही थाळी. दर 10 रुपये. कोविडच्या काळात तो 5 वर आला आणि 2021 मध्ये काही महिने थाळी मोफतही होती. दवाखाना, एसटी स्टँड, बाजार समिती अशा ठिकाणी गरम जेवण या पैशांत दुसरीकडे मिळत नाही. त्यासाठी पूर्ण गुण.

पोटाचा हिशेब मात्र नीट बघायला हवा. ही थाळी ढोबळमानाने 550 कॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिनं देते. पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाची दुपार निघते. दिवसभर पाट्या उचलणाऱ्या हमालाला ती पुरत नाही, त्याला चपात्या तरी 4 हव्यात.

खरी मेख वरणात आहे. नियमात वजन शिजलेल्या वरणाचं आहे, डाळीचं नाही. 100 ग्रॅम वरणात 20 ग्रॅम तूरडाळ असेल तर ते भातावर टिकतं. 10 ग्रॅम असेल तर भाताखालून ताटभर पसरतं. वाटी मात्र दोन्ही वेळा भरलेलीच, त्यामुळे तपासणीत काहीच सापडत नाही. चपातीचं तसं नाही, ती काट्यावर ठेवली की कळतं.

शिवभोजन केंद्राचा चालक डाळ का कमी करतो, हेही समजून घ्यावं. सुरुवातीला थाळीची किंमत शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरली गेली. त्यातले 10 जेवणारा देतो, बाकीचे सरकार. 150 थाळ्यांना साधारण 8 किलो तांदूळ, साडेसहा किलो कणीक, 3 किलो डाळ, 18 किलो भाजी आणि सव्वा ते दीड लिटर तेल लागतं. त्यावर गॅस आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी. यातली डाळ आणि तेल जगाच्या बाजाराला बांधलेली आहेत. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. तूर म्यानमार आणि मोझांबिकहूनही येते. इंडोनेशियाने एप्रिल 2022 मध्ये पामतेलाची निर्यात थांबवली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सोयाबीनवाल्याला भाव मिळावा म्हणून ते योग्यही होतं, पण फोडणी महागली. अनुदानाचा आकडा या भावांबरोबर आपोआप हलत नाही. त्यात बिलं थकली की चालक किराणा उधारीवर आणतो आणि तो उधारीचा भाव अजून चढा. जेवणाऱ्याचे 10 रुपये तेवढेच राहतात, झळ वरणाला बसते. ग्रामीण केंद्रात जास्तच, कारण तेल-डाळ तिथे शहराहून स्वस्त मिळत नाही आणि हातात 15 रुपये कमी.

फोटोची पद्धतही जाच आहे. काउंटरवर नाव सांगायचं, ॲपवर फोटो काढू द्यायचा, मग ताट. फोटो चढला नाही तर त्या थाळीचं अनुदान बुडतं, म्हणून रेंज गेली की रांग जागच्या जागी थांबते. बोगस थाळ्या रोखायला हे हवंच, पण जेवायला आलेल्या माणसाला उन्हात ताटकळत का ठेवायचं? रेंज आल्यावर फोटो चढवायची सोय असावी.

1995 च्या 1 रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांपेक्षा ही योजना बरी बांधली आहे: प्रमाण लिहिलेलं आहे, थाळ्यांची नोंद होते. आता नियमात ‘माणशी 20 ग्रॅम कोरडी तूरडाळ’ एवढं लिहावं आणि अनुदान दर 6 महिन्यांनी डाळ-तेलाच्या भावाप्रमाणे ठरवावं.

जाणाऱ्यांसाठी: केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात, त्या संपल्या की संपल्या. दुपारी 1 च्या आत पोहोचा, 10 सुटे ठेवा आणि वरण वाढताना पळी तळापासून ढवळायला सांगा.