सात महिने कच्चं खाऊन वजनं उचलली : माझा अनुभव

ऑक्टोबर ते एप्रिल. सात महिने चुलीवर चढलेलं काहीही खाल्लं नाही आणि आठवड्यातून तीन दिवस जिम सोडली नाही. मी शाकाहारी, वय 34, सुरुवातीचं वजन 61 किलो. अंगावर मांस चढेल का, एवढंच बघायचं होतं. चढलं, पण ज्या महिन्यांत चढलं त्याचं श्रेय मोडाच्या मुगाला देता येत नाही.

कच्चं म्हणजे काय हे ठरवण्यातच पहिला आठवडा गेला. या पंथातले लोक साधारण 42 ते 48 अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं काही खात नाहीत. तो नियम स्वयंपाकघराला लावला आणि डबे एकामागून एक बाद होत गेले. पोहे बाद, कुरमुरे बाद. गूळसुद्धा बाद, कारण तो काहिलीत उकळूनच होतो. काजूने तर फसवलंच. बाजारात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूही टरफलातल्या दाहक तेलामुळे आधी वाफवलेला किंवा भाजलेला असतो. जानेवारीत मित्रांच्या शेतावर हुरडा पार्टी झाली. सगळे आगटीभोवती, आणि मी बाजूला बसून ओल्या हरभऱ्याचा टहाळ सोलतोय.

रोजचं खाणं असं : कोरडे मोजून 60 ग्रॅम मूग आणि 40 ग्रॅम मटकी भिजवून मोड आणलेली, 60 ग्रॅम भिजवलेले शेंगदाणे, 40 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, 40 ग्रॅम सूर्यफुलाच्या बिया, 30 ग्रॅम बदाम, थोडं ओलं खोबरं, चमचाभर जवस, चार केळी, खजूर. कागदावर प्रोटीन साधारण 75 ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅम धरतात, म्हणजे मला जवळपास 100 हवं. पंचवीस ग्रॅमची खोट.

एक हिशेब बहुतेकजण चुकवतात, म्हणून सांगतो. मोड आले की प्रोटीन वाढतं असं नाही. 100 ग्रॅम कोरड्या मुगात 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. मोड आल्यावर त्याचं वजन दुपटीच्या पुढे जातं, ते पाण्याचं. प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे वाटीभर मोड खाऊन आपण समजतो त्याच्या निम्मंही पोटात जात नाही. शिवाय कच्च्या कडधान्यात प्रोटीन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. मोड आणल्याने ते थोडे कमी होतात, शिजवल्याने बरेचसे निकामी होतात. अंड्याचंही तसंच. जिममधला एकजण रोज चार कच्ची अंडी घशात ओततो आणि मला ‘घासफूस’ म्हणतो. बेल्जियममध्ये 1998 साली मोजून पाहिलं होतं : शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे 91 टक्के प्रोटीन पचलं, कच्च्यातलं 51 टक्के. त्याला सांगितलं. ऐकलं नाही.

खोट भरून काढली ती दुधाने. मी कोल्हापूरचा, त्यामुळे कच्चं दूध शोधायला लांब जावं लागलं नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. पहिले दोन महिने रोज अर्धा लिटर धारोष्ण दूध, वर थंडाई. मामा तालमीतला गडी, त्यानेच घोटायला शिकवलं : बदाम, खसखस, मगजबी, बडीशेप, मिरी. पैलवानांच्या खुराकातला हा भाग आपसूकच न शिजवलेला. या दोन महिन्यांत वजन 62.8 वर गेलं आणि स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) 60 वरून 75 किलोवर.

मग ओळखीच्या डॉक्टरांनी कान धरले. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा गुरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो, गुरांचा क्षयही येऊ शकतो. दूध बंद केलं. थंडाई आता नुसत्या पाण्यात. पुढचे तीन महिने काटा हलला नाही. स्क्वॉट कसाबसा 80 झाला, बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून वजन ढकलणं) 50 वर अडकला.

खरा त्रास भुकेचा नव्हता, चावण्याचा होता. दुपारचं जेवण पाऊण तास चालायचं, ऑफिसात डबा संपेपर्यंत बाकीचे चहा पिऊन परत आलेले असायचे. जबडा दुखायचा. गॅसबद्दल न बोललेलं बरं, बायकोने एकदा उशी उचलून हॉल गाठला होता. आईचं एकच पालुपद : “अरे, सिलिंडर परवडत नाही का तुला?”

मार्चच्या उन्हात फडक्यात बांधलेल्या मटकीला आंबूस वास आला. टाकवेना म्हणून खाल्ली. तीन दिवस संडास आणि दीड किलो वजन गेलं. नंतर वाचलं, 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय हा जंतू पसरून पन्नासहून अधिक माणसं दगावली होती. दाण्याला मोड आणणारा उबारा आणि ओल जंतूंनाही मानवते. कच्चे मोड खाणारच असाल तर उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, रोज धुवा, वास आला की फेकून द्या. आणि राजमा चुकूनही कच्चा खाऊ नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी घटकाने उलट्या होतात आणि मोड आणूनही ते पुरेसं जात नाही.

एप्रिलअखेर रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, बी-12 मात्र कमी, 168. ते वनस्पतीत मिळत नाही आणि मी दूधही सोडलेलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी वजन 62.1. सात महिन्यांत एक किलो शंभर ग्रॅम.

मे महिन्यात रात्रीचं जेवण शिजवलेलं केलं. तेच मूग, तीच मटकी, फक्त उसळ करून, सोबत भाकरी आणि उकळलेल्या दुधाचं दही. व्यायाम तोच. दोन महिन्यांत 64.3 किलो, स्क्वॉट 92.5. गेलेलं परत येतं तेव्हा पटकन येतं, त्यातला काही भाग पाण्याचाही असेल, तरी फरक शर्टाच्या बाहीत दिसतो.

सकाळचं मात्र अजून कच्चंच आहे : भिजवलेले शेंगदाणे, केळी, बिया. ते मानवलं, पोट साफ राहतं. थंडाईही चालू आहे, आता उकळून गार केलेल्या दुधात. मामाला ते पसंत नाही. “साय गेली की रे सगळी,” म्हणतो आणि स्वतः कट्ट्यावर जातो.